‘इतलंच?’ : माझ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनचं एक वर्ष

आमच्या शाळेच्या ग्रंथालयाला सतरा पायऱ्या आहेत. 2024 च्या एप्रिलमध्ये मी नवव्या पायरीवर थांबायला लागले. अमळनेरचा उन्हाळा ठाऊक असलेल्यांना सांगायला नको. पारा 43-44 ला टेकला की दम, चक्कर, डोळ्यांपुढची अंधारी, सगळं उन्हाच्या खात्यावर जमा होतं. जूनमध्ये पाऊस आला, पोरं छत्र्या घेऊन आली, आणि मी अजून नवव्या पायरीवरच. मग ते वयाच्या खात्यावर गेलं. मी 52 वर्षांची. ‘बायकांना रक्त कमी असतंच’ हे वाक्य त्या चार महिन्यांत मी सासर, माहेर, स्टाफरूम आणि किराणा दुकान अशा चारही ठिकाणी ऐकलं. खोटं कशाला बोलू, मीही तेच म्हणत होते.

ऑगस्टमध्ये तपासलं तर हिमोग्लोबिन 7.9. दोन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, बीट-गूळ-शेंगदाणे झाले, आणि सप्टेंबरअखेर आकडा आला 8.2. शेवटी 5 ऑक्टोबरला जळगावला एका फिजिशियनकडे गेलो. त्यांनी फाईल चाळली आणि एकच प्रश्न विचारला, “ताई, तुमची पाळी थांबून दीड वर्ष झालं ना? मग रक्त जातंय कुठे?”

इतका साधा प्रश्न. दीड वर्षात आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता.

पोटात दुखणं नाही, शौचातून रक्त नाही, वजन दोन-तीन किलो उतरलं होतं तर मी खूशच होते. आपल्याकडे खाली रक्त दिसलं की ती मूळव्याध, आणि दिसलं नाही की काहीच नाही. नंतर कळलं ते असं : मोठ्या आतड्याची उजवी बाजू रुंद असते आणि तिथे मळ पातळ असतो. त्यामुळे तिथे गाठ झाली तरी अडथळा लवकर होत नाही. थेंब थेंब रक्त मळात मिसळून जातं, डोळ्यांना दिसत नाही. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं, त्यामुळे रंगावरूनही काही उमगत नाही. डॉक्टरांनी शौचातलं लपलेलं रक्त शोधायची तपासणी सांगितली. ती पॉझिटिव्ह आली आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघणं, ठरली : 14 ऑक्टोबर, दसऱ्यानंतरचा सोमवार, 6,500 रुपये.

कोलोनोस्कोपीपेक्षा आदल्या दिवशीची तयारी जड जाते. पावडर पाण्यात कालवून दोन लिटर प्यायची. लिंबू सरबतात कुणी समुद्र ओतावा अशी चव. पहिले दोन ग्लास मी कोमट प्यायले आणि तिसऱ्याला उलटीची भावना आली. मग उरलेलं फ्रीजमध्ये ठेवलं आणि स्ट्रॉने, जिभेच्या मागच्या बाजूला सोडत, थोडं थोडं प्यायले. तसं जमतं. आधीचे दोन-तीन दिवस बिया, सालं, पालेभाजी बंद करायला सांगतात, तेही मनापासून पाळा. आतडं स्वच्छ नसलं तर सगळं परत करावं लागतं.

तपासणीत मी गुंगीत होते. बाहेर आल्यावर डॉक्टर मला फारसं बोलले नाहीत, यांना आत बोलावून बोलले. स्टेशनला जाताना यांनी रिक्षावाल्याला शंभराची नोट दिली आणि उरलेले पैसे न घेताच चालायला लागले. एरवी हा माणूस पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो. मला तिथेच कळलं.

16 तारखेला सी. टी. स्कॅन (7,200 रुपये, आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट लागतो, तो नसल्यामुळे आमचे दोन तास गेले), 18 ला बायोप्सीचा, म्हणजे गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा, रिपोर्ट. उजव्या चढत्या आतड्यात कर्करोगाची गाठ. यकृत, फुप्फुसं स्वच्छ. या कर्करोगात करतात ती सी. ई. ए. नावाची रक्ततपासणी 3.1, म्हणजे मर्यादेत. त्या रात्री मी रडले नाही, कपाटं आवरत बसले. रडू दोन दिवसांनी आलं, तेही चकलीची भाजणी भाजताना.

21 ला सर्जनना भेटलो. त्यांनी चिठ्ठीच्या मागे आतड्याचं चित्र काढलं, उलटा ‘यू’. त्याची उजवी दांडी पेनाने खोडली. लहान आतड्याचं शेवटचं टोक, अपेंडिक्स, चढतं आतडं, त्याच्या रक्तवाहिन्या आणि त्यांच्यालगतच्या लसिका गाठी (लिम्फ नोड्स, कर्करोग पसरला तर आधी तिथे जातो) हे सगळं एकसंध काढायचं, आणि लहान आतडं उरलेल्या मोठ्या आतड्याला जोडायचं. पोटावर पाच ते बारा मिलिमीटरची चार छिद्रं. कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवायचं, एका छिद्रातून दुर्बीण, बाकीच्यांतून अवजारं. सुटं केलेलं आतडं बाहेर काढायला बेंबीपाशी पाच-सहा सेंटिमीटरची चीर.

“म्हणजे छोटं ऑपरेशन,” हे म्हणाले.

“छिद्रं छोटी,” सर्जन म्हणाले. “आत जे पोट उघडून केलं असतं तेच करणार आहे. काढायचं तेवढंच, जोडायचं तेवढंच, जोड सुटण्याची भीतीही तीच.”

हे वाक्य मी मनावर लिहून घेतलं. पुढे वर्षभर लोकांना सांगायला उपयोगी पडलं, आणि एकदा स्वतःलाही.

मी पिशवीबद्दल विचारलं. पोटावर शौचाची पिशवी, ही माझी खरी भीती होती, मरणाचं नंतर. ते म्हणाले, उजव्या बाजूच्या ठरवून केलेल्या ऑपरेशनला ती क्वचितच लागते, पण संमतीपत्रात लिहिलेली असेल, बघून घाबरू नका. तसंच ‘गरज पडल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया’ हेही लिहिलेलं असतं. चिकटलेलं असलं, रक्तस्राव झाला, नीट दिसेनासं झालं, तर दुर्बीण बाजूला ठेवून उघडतात. त्याला हरणं म्हणायचं नाही, असं ते दोनदा बोलले.

पुण्याहून मुलगा फोनवर होता. त्याला शंका की दुर्बिणीतून कर्करोग पूर्ण निघतो का. त्याने रात्रभर वाचून एक चाचणी काढली : अमेरिका-कॅनडातल्या 48 केंद्रांवरचे 872 रुग्ण, 2004 साली छापलेली. तीन वर्षांत आजार उलटला तो दुर्बिणीच्या गटात 16 टक्के आणि उघड्या गटात 18 टक्के, म्हणजे सारखंच. दुर्बिणीच्या गटातल्या साधारण पाचातल्या एकाचं, दुर्बीण सोडून, पोट उघडावं लागलं होतं. आणि रुग्णालयातला मुक्काम? सहा दिवसांऐवजी पाच. मी म्हटलं, “एवढ्यासाठी? एका दिवसासाठी?” तो एक दिवस कशाचा बनलेला असतो ते मला नंतर कळायचं होतं.

सर्जननी 28 ऑक्टोबर देऊ केली होती. मी दिवाळीनंतरची मागितली. मी कारण सांगायच्या आधी तेच म्हणाले, दोन-तीन आठवड्यांनी गाठीला फरक पडत नाही, रक्त वाढवून घेतलेलं बरं. 22 ला शिरेतून लोहाची बाटली चढवली (3,800 रुपये). तीच आधी चढवली असती तर गोळ्यांचे दोन महिने वाचले असते, असं अजून वाटतं. भाऊबीज झाली, 9 नोव्हेंबरला हिमोग्लोबिन 9.8. रक्तपेढीत एक पिशवी राखून ठेवायला सांगितली, बदली रक्तदाता म्हणून पुतण्या गेला.

आता कागदांचं. हा भाग कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

माझा विमा मुलाच्या कंपनीचा, आईवडिलांना तीन लाखांपर्यंत, पण 20 टक्के आपल्या खिशातले. कॅशलेससाठी दाखल होण्याच्या तीन दिवस आधी रुग्णालयाच्या विमा खिडकीवर बायोप्सी, सी. टी., सर्जनचं पत्र, आधार, ई-कार्ड दिलं. लगेच प्रश्न आला : आधारवर माझ्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त, पॉलिसीत एक कमी. मुलाने कंपनीच्या एच. आर. कडून मेल पाठवला तेव्हा सुटलं, दीड दिवस गेला. तुमचं कार्ड आजच काढून आधारशी ताडून बघा. दुसरं, खोलीभाड्याची मर्यादा. आमची दिवसाला विम्याच्या एक टक्का, म्हणजे 3,000. स्वतंत्र खोली 4,500 ची होती. हे म्हणाले वरचे दीड हजार आपण भरू. खिडकीवरच्या मुलीने हळूच सांगितलं, “काका, खोली वरची घेतली की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, सगळंच त्या प्रमाणात कापतात.” आम्ही दोघांच्या खोलीवर आलो. त्या मुलीचं भलं होवो. तिसरं, दाखल होण्याआधीच्या 30 दिवसांतल्या तपासण्यांचे पैसे मागता येतात. माझी कोलोनोस्कोपी अठ्ठावीस दिवस आधीची, काठावर बसली.

विमा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बघा. ती आता सगळ्या रेशनकार्डांना आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, तुमचं ऑपरेशन तिच्यात बसतं का हे त्याला दाखल होण्याआधी विचारा. 155388 वर फोन करूनही कळतं.

आणि या सगळ्यात, विधानसभेची निवडणूक! ऐन त्या आठवड्यात ड्युटीचा आदेश हातात पडला. सर्जनचं प्रमाणपत्र आणि बायोप्सीची झेरॉक्स लावून अर्ज दिला. समोरच्या साहेबांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि न बोलता नाव खोडलं. शाळेत वैद्यकीय रजेचा अर्ज दिला; परत रुजू होताना फिटनेस प्रमाणपत्र लागतं, त्याचं आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा.

11 नोव्हेंबरला दाखल, 12 ला मंगळवारी सकाळी ऑपरेशन. त्याबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही. मी दहापासून उलटं मोजायला लागले आणि सातपर्यंतही पोचले नाही. साडेतीन तास लागले म्हणतात. हे बाहेर बसले होते, त्यांना काचेच्या बरणीत काढलेलं आतडं दाखवलं. ते अजून त्याविषयी बोलत नाहीत.

संध्याकाळी पोट दुखत होतं, पण सिझेरियनच्या वेळचं आठवत होतं तितकं नाही. दुखत होता तो खांदा. उजवा खांदा, असा की कुणी आतून कुलूप फिरवतंय. मला वाटलं आता हृदयाचं. सिस्टर आली, म्हणाली, “गॅसचं आहे मावशी. पोटात भरलेला थोडा राहतो, छाती-पोटामधल्या पडद्याला लागतो, कळ खांद्यात येते.” दोन दिवसांत गेलं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर ती एक रात्र वाचली असती, म्हणून मी सांगतेय.

13 ला सकाळी लघवीची नळी काढली आणि फिजिओथेरपीच्या मुलीने उभं केलं. अठरा पावलं, मोजलेली. दुपारी चार फेऱ्या. फुप्फुसांच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं यंत्र, श्वास ओढून त्यातल्या गोळ्या वर चढवायच्या, खोकताना पोटावर उशी दाबायची, मांडीत गुठळी होऊ नये म्हणून रोज एक इंजेक्शन. पहिल्या दिवसापासून पाण्याचे घोट, मग नारळपाणी, आणि च्युइंगगम. होय, च्युइंगगम. दिवसातून तीनदा चघळायचं. आतड्याला वाटतं जेवण आलं, ते जागं होतं. एकतीस वर्षं मी ग्रंथालयाच्या बाकांखालून पट्टीने च्युइंगगम खरवडलंय आणि पोरांचे कान धरलेत. आता पलंगावर बसून चघळत होते आणि हे मोबाईलवर फोटो काढत होते.

पोट उघडलं की आतडं दिवसच्या दिवस झोपून राहतं; दुर्बिणीने हाताळणी कमी, म्हणून ते लवकर उठतं. त्याची खूण एकच : वारा सरणं. दोन दिवस मला जो येईल तो तेच विचारी. सर्जन, त्यांचे ज्युनिअर, सिस्टर, झाडणाऱ्या मावशी. फोनवरून सासूबाई. 14 च्या रात्री अडीचला तो मुहूर्त लागला आणि मी यांना हलवून उठवलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, अशा बातमीसाठी मी त्यांना प्रथमच उठवलं.

फेऱ्या मारताना जनरल वॉर्डात यावलकडच्या एक आजी ओळखीच्या झाल्या. आतडं पूर्ण अडल्यावर रात्री आणलेल्या, पोट उघडून ऑपरेशन. बरगडीखालपासून ओटीपोटापर्यंत टाके. नववा दिवस, आणि जखमेत पाणी झालेलं. आजी खोकायच्या आधी डोळे मिटून घ्यायच्या, पलंगाची कड धरायच्या, आणि मग अर्धाच खोकायच्या. मी पाचव्या दिवशी घरी निघाले होते. तुलना बरोबर नाही हे सर्जननी सांगितलं. त्या इमर्जन्सीत आलेल्या, मी ठरवून. तरीही मुलाच्या चाचणीतला तो ‘एक दिवस’ मला तिथे दिसला. तो अख्ख्या खोकल्याचा असतो, कुशीवर वळण्याचा, स्वतः उठून संडासात जाण्याचा.

17 ला रविवारी सुटी मिळाली. सकाळी दहाला ‘डिस्चार्ज’ म्हणाले, विम्याची अंतिम मंजुरी आली संध्याकाळी पावणेपाचला. डबा सोबत ठेवा. बिल 2,41,600. त्यात आतडं कापून जोडायच्या स्टेपलरचेच 58,000. हातमोजे, गाऊन वगैरे विम्यातून न मिळणारे 9,600 आणि उरलेल्याचे 20 टक्के 46,400. आम्ही 56,000 भरले. धरणगावमार्गे गाडीने आलो. पोट आणि सीटबेल्टमध्ये उशी ठेवा, प्रत्येक खड्ड्याला तिची आठवण येते.

घरी सासूबाईंनी पदर बाजूला सारून बघितलं. चार चिकटपट्ट्या, बेंबीपाशी एक लांबट. त्यांनी दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, “इतलंच? मंग दोन लाख कसाना लिधात?” (इतकंच? मग दोन लाख कशाचे घेतले?)

गल्लीचंही तेच मत पडलं. दुर्बिणीचं ना, मग काय. 20 तारखेला मी मतदान करून आले त्याने तर शिक्कामोर्तब झालं. त्या दिवशीची गंमत अशी की साडी नेसताच येईना. परकराची नाडी बरोब्बर त्या चिरेवर बसते. बायकांनो, सैल गाऊन किंवा इलॅस्टिकचे कपडे दोन-तीन आधीच घेऊन ठेवा. हे कुठल्याही सर्जनला सुचत नाही.

मग मलाही वाटायला लागलं, इतलंच तर आहे. 1 डिसेंबरला नळाला पाणी आलं, घरात कुणी नव्हतं, मी बादली उचलली. बेंबीपाशी असं काही चरकलं की बादली तिथेच सांडली. दुसऱ्या दिवशी जळगाव. काही झालं नव्हतं, बोलणी मात्र खाल्ली. वरची कातडी दहा दिवसांत जुळते, आतला थर जुळायला आठवडे लागतात; सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, सांगितलं होतं ना? छिद्रं छोटी, बाई. छिद्रं.

पथ्याचं म्हणाल तर पहिले पंधरा दिवस मऊ भात, मुगाचं वरण, ताक, केळं. दिवसातून चार-पाचदा पातळ व्हायचं; उजवं आतडं गेल्यावर पाणी शोषायला जागा कमी राहते, हळूहळू बसतं. मला अडीच महिने लागले. नेमका भरताचा हंगाम. बाहेर शेताशेतांत काट्या पेटवून वांगी भाजली जात होती, वास घरात यायचा, आणि माझ्या ताटात वरणभात.

27 नोव्हेंबरला अंतिम रिपोर्ट आला. तपासलेल्या लसिका गाठी 18 (निदान 12 तरी मिळायला हव्यात, असं मानतात), एकीतही काही नाही. म्हणजे कर्करोगाचा दुसरा टप्पा. कॅन्सरतज्ज्ञांनी गाठीची आणखी एक चाचणी करून घेतली आणि केमो नको म्हणाले. तपासण्यांच्या पावत्या लावून मागितलेल्या 24,000 पैकी 19,200 फेब्रुवारीत जमा झाले. मूळ पावत्या विमा कंपनीकडे जातात, आधी झेरॉक्स काढा. 6 जानेवारीला मी शाळेत रुजू झाले. सतरा पायऱ्या, मध्ये एकदा थांबून. मार्चमध्ये न थांबता.

वर्षभर दर तीन महिन्यांनी सी. ई. ए., आणि नोव्हेंबर 2025 ला वर्षाची कोलोनोस्कोपी. स्वच्छ. पुढची तारीख फ्रीजवर लावली आहे.

एक काम अजून चालू होतं. घरात एकाला हा आजार झाला की सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी चाळिशीला, किंवा रुग्णाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करायची असते. नंदुरबारचा माझा भाऊ 48 चा. वर्षभर त्याचं पालुपद एकच, “मला काय झालंय?” मी भांडले, रुसले, राखी पोस्टाने पाठवली. परवा रात्री नऊला त्याचा फोन आला. मागे ग्लासात चमचा ढवळल्याचा आवाज.

“ताई,” तो म्हणाला, “हे कोमट प्यायचं का थंड?”